उकिरड्यातलं औषध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



या भाषणासाठी मला फोन आला तेव्हा केंद्रावरच्या मंडळींना वाटलं होतं, मी कवितेवर बोलेन. पाऊस, गाव, आई, असं काहीतरी. मी म्हणालो, मला उकिरड्यावर बोलायचं आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारलं, "उकिरडा म्हणजे प्रतीक म्हणून का?" म्हटलं, "नाही हो, खरा उकिरडा. आमच्या गोठ्यामागचा."

आधीच सांगून टाकतो, मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पेपरापुरता. पण गेली दोन-तीन वर्षं एका गोष्टीनं माझा पिच्छा सोडला नाही. तिच्यासाठी मी जनावरांच्या डॉक्टरांना छळलं, कृषी विद्यापीठातल्या माणसांना छळलं, पुतण्याला छळलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आमचं घर औसा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. सात एकर काळी जमीन थोरला भाऊ पाहतो. त्याला सगळं गाव 'भाई' म्हणतं, म्हणून मीही भाईच म्हणतो. चार म्हशी, दोन शेळ्या, तूर, सोयाबीन, थोडा ऊस. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शेतीचे शब्द आले की दखनी आपोआप मराठी होते. वखर, पाळी, शिळंपाकं, उकिरडा या शब्दांना आमच्या दखनीत दुसरा शब्दच नाही. आमच्या भाषेचं मूळ शोधायचं असेल तर पुस्तकापेक्षा बैलाच्या मागं चालावं, असं मी एकदा एका परिसंवादात म्हणालो होतो. लोक हसले होते. असो.

२०२२ च्या पावसाळ्यात भाईची सगळ्यात दुभती म्हैस दगडीनं आजारली. कासदाह म्हणतात तो हाच. कास सुजून दगडासारखी होते, दुधात गाठी येतात. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, सडात ट्यूबा सोडल्या आणि बजावून गेले की औषध चालू आहे तोवर आणि नंतरही काही दिवस या म्हशीचं दूध डेअरीला घालू नका, घरात वापरू नका. औषधाच्या खोक्यावरही तसं छापलेलं असतं, पण ते कोण वाचतं? भाई वाचतो. औषधाचं दूध विकणं म्हणजे हरामाची कमाई, असं त्याचं सरळ गणित. गावात हे दूध सर्रास डेअरीच्या कॅनमध्ये जातं, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी तो सकाळ-संध्याकाळ बादली उचलायचा आणि म्हणायचा, "उकिरडे में डाल देव." पाच-सहा लिटर दूध रोज. मी तेव्हा गावी होतो. मला भावाचा फार अभिमान वाटला. एक कविताही लिहायला घेतली होती.

त्याच वर्षी हिवाळ्यात भाभींना लघवीचा संसर्ग झाला. ताप, थंडी, पाठीत कळा. तालुक्याला नेलं. एक औषध झालं, दुसरं झालं, ताप उतरेना. मग लातूरला लघवीचं कल्चर केलं. तो कागद डॉक्टरांनी माझ्या हातात दिला, कारण घरात मीच 'शिकलेला'. कागदावर औषधांच्या नावांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडेल. आर म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. वरून खाली बोट फिरवत गेलो : आर, आर, आर, आर. शेवटाकडे दोन-तीन एस. सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढेही आर. हे नाव वाचताना मी अडखळलो. असंच एक नाव कुठंतरी पाहिलं होतं. गावी गेल्यावर गोठ्यातल्या कोनाड्यात पाहिलं, तर एका रिकाम्या बाटलीवर 'एन्रोफ्लॉक्सॅसिन' असं होतं.

नंतर कळलं की ही दोन नावं सख्ख्या भावांची आहेत. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे जनावरांचं औषध. जनावराच्या शरीरात त्याचा काही भाग बदलून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच होतो.

इथे मला फार जपून बोललं पाहिजे. भाभींच्या पोटातला जंतू त्या बाटलीमुळे माजला, असं मी म्हणत नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. तो जंतू माणसांनी अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळेही तसा झालेला असेल. आमच्या गावात सर्दीलाही इंजेक्शन मागणारे लोक आहेत आणि देणारेही आहेत. भाभी शेवटी महागड्या इंजेक्शनांनी बऱ्या झाल्या. आठ दिवस दवाखान्यात, एक शेळी विकावी लागली. पण तो कागद आणि ती बाटली माझ्या डोक्यात एकमेकांशेजारी जाऊन बसली, ती उठेनात.

मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, "म्हशीला दिलेलं औषध शेवटी जातं कुठं?" ते म्हणाले, "मास्तर, शेणात आणि मुतात." (मी मास्तर नाही, पण कविता लिहिणाऱ्याला गावात मास्तरच म्हणतात.) प्रतिजैविकाचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, बराच मोठा वाटा शरीरात न बदलता बाहेर पडतो. औषधाप्रमाणे हे प्रमाण ३० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत असतं. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं पिवळं इंजेक्शन, जे प्रत्येक गोठ्यात कधी ना कधी आलेलं असतं, ते बहुतांशी जसंच्या तसं बाहेर येतं. म्हणजे उन्हाळ्यात आपण उकिरडा उपसून शेतात टाकतो, त्याबरोबर औषधही पसरतो. भाईनं तर प्रामाणिकपणे दूधसुद्धा तिथंच ओतलं होतं. शिवाय दरवर्षी उसासाठी तो कोंबडखताची ट्रॉली आणतो. त्या कोंबड्यांनी काय काय खाल्लं, हे त्याला कोण सांगणार?

शेतात गेल्यावर सगळ्या औषधांची वागणूक सारखी नसते. टेट्रासायक्लिनच्या कुळातली औषधं चिकणमातीला घट्ट चिकटतात. आपल्या काळ्या जमिनीत अशी माती भरपूर, म्हणून ती वरच्याच थरात राहतात. सल्फा औषधं मात्र पाण्याबरोबर वाहत ओढ्यात, विहिरीत जाऊ शकतात. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं कूळ मातीत फार चिवट, लवकर मोडत नाही. पिकं हे शोषून घेतात का? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिलं की औषध असलेलं खत घातलेल्या मातीतून मका, कोबी आणि कांद्याची पात क्लोरटेट्रासायक्लिन थोडं का होईना वर ओढतात. टायलोसिन नावाचं दुसरं औषध मात्र त्यांनी ओढलं नाही. प्रमाण अगदी किरकोळ. त्यामुळे उद्यापासून कांद्याची पात सोडू नका, मीही सोडलेली नाही.

खरी काळजी वेगळी आहे. मातीत चिमूटभर जागेत कोट्यवधी जंतू असतात. त्यांच्यात थोडंथोडं औषध सतत मिसळत राहिलं की जे औषधाला दाद देत नाहीत तेच टिकतात. आणि जंतू ही विद्या स्वतःजवळ ठेवत नाहीत. ते आपली जनुकं शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. २०१५ साली चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारं असंच एक हातोहात फिरणारं जनुक डुकरांच्या जंतूंत सापडलं, मग माणसांच्याही. कोलिस्टिन म्हणजे अतिदक्षता विभागात सगळं संपल्यावर काढायचं औषध, आणि ते कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून खाद्यात घातलं जात होतं. आपल्याकडे २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्यावर बंदी आली. युरोपात तर वाढीसाठी प्रतिजैविकं घालणं २००६ च्या आरंभापासूनच बंद आहे.

जनावराला दिलेलं औषध जनावरातच संपतं, ही आपली समजूत एकदा गिधाडांनी खोटी ठरवली होती. डायक्लोफिनॅक हे प्रतिजैविक नव्हे, वेदनेवरचं औषध. ते दिलेलं ढोर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं आणि गिधाडं मरत गेली. कारण २००४ मध्ये नक्की झालं, बंदी २००६ मध्ये आली. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की दुपारपर्यंत सांगाडा उरायचा. आता ते ढोर कुत्री ओढत बसतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तिच्यात मला कवितेहून जास्त काही दिसतं. स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावरचं पहिलं खरं औषध, १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ आणि सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाचे दोन नमुने त्यांना मिळाले होते. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून आणि दुसरा एका कोंबडीच्या घशातून. आपल्या पिंपरीतही तेच. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं, तेही मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून, आणि त्या जीवाच्या नावात शास्त्रज्ञांनी पिंपरीचं नाव गुंफलं. शेणखताच्या शेतानं आणि कोंबडीनं आपल्याला औषध दिलं, आणि आपण ते शेणखतातून आणि कोंबडखतातून परत केलं. फक्त भलत्याच मापानं.

आता कोळशाकडे येतो.

माझा पुतण्या कृषी पदविका झालेला आहे. मी हे सगळं घरात बोलायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "चाचा, याच्यावर बायोचार चालतंय म्हणे." मी विचारलं, हे कोणतं नवं खत? तो म्हणाला, "कोळसा हो, कोळसा." भाई जेवता जेवता हसला. मला म्हणाला, "तू शायरी कर, खाद का हिसाब मेरे पे छोड."

कोळशाची आमची ओळख जुनी. लहानपणी आम्ही कोळशानंच दात घासले. विष पोटात गेलेल्या माणसाला दवाखान्यात कोळशाची पूड पाजतात, हे शेतकऱ्यांच्या गावात सगळ्यांना दुर्दैवानं माहीत असतं. पोटात काय, मातीत काय, काम एकच : कोळसा धरून ठेवतो. लाकूड किंवा काड्या हवा कमी ठेवून जाळल्या की आतलं पाणी, वायू, तेलकट भाग निघून जातो आणि उरतो तो सच्छिद्र सांगाडा. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर शंभर-दोनशे चौरस मीटर जागाही भरू शकते. आमच्या वाड्यात इतकं अंगण नव्हतं. या भिंतींवर औषधाचे कण चिकटतात. चिकटलेलं औषध पाण्याबरोबर वाहत नाही, मुळांना सहज मिळत नाही, आणि जंतूंपर्यंतही कमी पोहोचतं. मातीत कोळसा घालण्याची कल्पनाही नवी नाही. ॲमेझॉनच्या जंगलात तिथल्या मूळच्या लोकांनी कोळसा, हाडं, खापऱ्या, कचरा घालून शेकडो वर्षांपूर्वी तयार केलेली काळी माती आजही सुपीक आहे.

पुतण्यानं गोठ्यामागं कमरेइतका खोल, वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा खणला. तुराट्या आणि वेडी बाभूळ. वेडी बाभूळ आमच्याकडे मागेल त्याला मिळते, न मागणाऱ्यालाही मिळते. तळाशी जाळ केला, आणि काड्यांवर पांढरी राख धरू लागली की वर नवा थर, असं करत खड्डा भरला. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, म्हणून खालचा कोळसा जळून राख होत नाही, आणि धूरही फारसा होत नाही. शेवटी पाणी मारून विझवलं. शेजारच्या वस्तीवरचे अण्णा पूर्वी कोळसे पाडायचे. ते बघायला आले आणि म्हणाले, "आम्ही माती लिंपून चार-चार दिवस राखण करायचो, ह्यानं एका दुपारी उरकलं." मग त्यांनी एक कोळसा उचलून बोटांनी चुरला, हात पाण्यानं धुतला आणि म्हणाले, "निघतंय. बरा झालाय." कच्च्या कोळशाचा तेलकटपणा साबणाशिवाय जात नाही, आणि तो तेलकट भाग मातीला चांगला नसतो. विद्यापीठातल्या एका गृहस्थांनी मला नंतर हीच परीक्षा सांगितली, अण्णांपेक्षा जास्त वेळ घेऊन.

इथपर्यंत मी फार खुशीत होतो. मग हिशेब मांडला. प्रयोगांमध्ये हेक्टरी पाच, दहा, वीस टन कोळसा घालतात. कमीत कमी धरला तरी एकरी दोन टन. चार किलो काड्यांचा जेमतेम एक किलो कोळसा पडतो, म्हणजे एकराला आठ टन काड्या. आमच्या एका एकरात तुराट्या निघतात टनाच्या आसपास, आणि त्यातल्या अर्ध्या चुलीला आणि कुडाला लागतात. भाईनं हा हिशेब न मांडता आधीच केलेला होता. तो हसला होता तो म्हणूनच.

दुसरी अडचण जमिनीची. आपली काळी जमीन चुनखडीची, विम्लतेकडे झुकलेली. ताजा कोळसाही राखेमुळे विम्ल असतो. अशा ठिकाणी सल्फा औषधांवर ऋण भार येतो, कोळशाच्या अंगावरही ऋण भार असतो, आणि दोघं एकमेकांना दूर लोटतात. म्हणजे जे औषध पाण्याबरोबर पळतं, त्यालाच आमच्या शिवारात कोळसा कमी धरणार. आम्लधर्मी तांबड्या मातीतले चांगले आकडे वाचून मराठवाड्यानं हुरळून जाऊ नये. शिवाय कोळसा तणनाशकही धरून ठेवतो, मग तण मरत नाही आणि शेतकरी डोस वाढवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोळसा औषधाला धरतो, मारत नाही. धरलेलं कधी सुटेल, किती सुटेल, हे कोळसा कशाचा, किती तापमानाला पाडलेला, यावर अवलंबून असतं. बाजारात 'बायोचार' लिहिलेली पोती येऊ लागली आहेत. पोत्यावर हे काही लिहिलेलं नसतं.

मग कोळसा टाकून द्यायचा का? मला विचाराल तर शेतात नको, उकिरड्यात घाला. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं लोखंडी पिंपात तुराट्या, पऱ्हाट्यांचा कोळसा पाडण्याची साधी भट्टी केलेली आहे. तेवढा कोळसा एका घराच्या उकिरड्याला पुरतो. खत नीट रचलं, पालथं घातलं, ओल ठेवली की आत ५५-६० अंशांपर्यंत ऊब येते. या उबेत काही औषधं मोडतात. मिनेसोटातल्याच २००८ च्या एका प्रयोगात टर्कीच्या खतातलं क्लोरटेट्रासायक्लिन कुजवताना ९९ टक्क्यांहून जास्त कमी झालं, पण सल्फामेथाझिन हललंसुद्धा नाही. कोळशानं ढिगात हवा खेळती राहते, अमोनिया कमी उडतो, खताचा नत्र वाचतो. जंतूंची ती हट्टी जनुकं त्यानं कमी होतात का, यावर मात्र निकाल उलटसुलट आहेत. एका कोळशानं घटतात, दुसऱ्यानं घटत नाहीत. पण आपल्याकडे बहुतेक उकिरडे म्हणजे वर्षभर टाकत राहायचं आणि मे महिन्यात उपसायचं. त्यात ऊबच धरत नाही. तेव्हा पहिला फायदा नीट रचण्याचा, कोळशाचा त्यानंतर.

त्याच्याही आधीचं काम गोठ्यात आहे. दूध काढून झाल्यावर सड औषधी पाण्यात बुडवणं, म्हशीला लगेच चिखलात बसू न देणं, ताप आला की मेडिकलवाल्याला विचारून सुई टोचायची नाही. मी हे बोललो की भाई म्हणतो, "डॉक्टर आठ गावाला एक. तो येईपर्यंत म्हैस थांबती का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. शहरात बसून अँटिबायोटिकवर व्याख्यान देणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात रात्री अकरा वाजता तडफडणाऱ्या म्हशीजवळ उभं राहावं.

२०२४ पासून आमच्याकडे उकिरड्याऐवजी तीन खड्डे आहेत. एक भरायचा, एक कुजायचा, एक उपसायचा. औषध चालू असलेल्या जनावराचं शेण आणि दूध पहिल्या खड्ड्यात वेगळ्या कोपऱ्यात, त्यावर कोळशाचा चुरा, आणि ते खत किमान एक पावसाळा शेतात न्यायचं नाही. पावसाचं पाणी त्यातून वाहू नये म्हणून वर पत्रे. पुतण्यानं एका खड्ड्यात कोळसा घातला, एकात घातला नाही, फरक बघायला. पण बघायचा कसा? २०१५ पासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका देतं. त्यात नत्र, स्फुरद, पालाशापासून बोरॉनपर्यंत बारा रकाने आहेत. औषधांचा रकाना नाही. मी दोन्ही खतांचे नमुने पिशव्यांत घालून एका प्रयोगशाळेत घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "काय तपासायचं?" मी कागदावर लिहून नेलेली नावं दाखवली. त्या म्हणाल्या, "हे आमच्याकडे होत नाही. सेंद्रिय कर्ब सांगू का?" सांगा म्हटलं. कोळशाच्या खड्ड्यात तो जास्त निघाला, आणि निघणारच, कोळसाच तो.

गेल्या उन्हाळ्यात कोंबडखताची ट्रॉली आली तेव्हा मी गावीच होतो. ड्रायव्हर नेहमीच्या सवयीनं उसाच्या रानाकडे वळत होता. भाईनं त्याला बांधावरच थांबवलं आणि गोठ्यामागं नेऊन पहिल्या खड्ड्याजवळ ओतायला लावलं. ड्रायव्हर वैतागला, दोनशे रुपये जास्त मागितले. भाईनं दीडशेवर आणले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता उभा काय राहिलास? कोळशाची पाटी आण."